मायक्रोफ्रेमवर्क आणि फुल-स्टॅक फ्रेमवर्क

मायक्रोफ्रेमवर्क आणि फुल-स्टॅक फ्रेमवर्क हे वेब ॲप्लिकेशन तयार करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फ्रेमवर्कचे दोन प्रमुख प्रकार आहेत. वापरकर्त्याच्या ब्राउझरकडून आलेली विनंती योग्य त्या कोडपर्यंत पोहोचवणे आणि त्याचे उत्तर परत पाठवणे एवढे मूलभूत काम मायक्रोफ्रेमवर्क करते. उरलेले भाग प्रोग्रामरने स्वतः निवडून जोडायचे असतात. फुल-स्टॅक फ्रेमवर्कमध्ये डेटाबेस हाताळणी, लॉग-इन, अर्जांची तपासणी, पानांचे साचे, व्यवस्थापन-पटल आणि सुरक्षिततेच्या सोयी एकत्रच मिळतात. फ्लास्क, एक्सप्रेस, सिनात्रा आणि स्लिम ही पहिल्या प्रकारची, तर जँगो, रुबी ऑन रेल्स, लाराव्हेल आणि मुंबईत विकसित झालेले फ्रॅपे ही दुसऱ्या प्रकारची परिचित उदाहरणे होत.

या दोन प्रकारांतील निवड पुष्कळदा ‘लहान की मोठे’ किंवा ‘वेगवान की संथ’ अशी मांडली जाते. परंतु फ्रेमवर्कमध्ये जे काम नसते ते नाहीसे होत नाही. ते ॲप्लिकेशन बांधणाऱ्याकडे येते. म्हणून ते काम कोण करणार आणि पुढील अनेक वर्षे त्याची देखभाल कोण करणार, हा या निवडीतील कळीचा प्रश्न मानला जातो.

संज्ञा

फ्रेमवर्क म्हणजे ॲप्लिकेशनची आधीच तयार असलेली चौकट. लायब्ररी आणि फ्रेमवर्क यांतील भेद असा सांगितला जातो की, लायब्ररीला प्रोग्रामरचा कोड हाक मारतो, तर फ्रेमवर्क स्वतः प्रोग्रामरच्या कोडला हाक मारते. विनंती केव्हा आली, कोणत्या क्रमाने तपासली गेली आणि उत्तर केव्हा गेले, याचे नियंत्रण फ्रेमवर्ककडे असते.

‘मायक्रो’ या उपपदाचा अर्थ ॲप्लिकेशन लहान असावे असा नाही. गाभा लहान ठेवलेला असून डेटाबेस, लॉग-इन यांसारख्या बाबींत फ्रेमवर्क स्वतः कोणताही निर्णय लादत नाही, एवढाच त्याचा आशय आहे.

‘फुल-स्टॅक’ ही संज्ञा दोन अर्थांनी वापरली जाते. नोकरीच्या जाहिरातींत ‘फुल-स्टॅक डेव्हलपर’ म्हणजे ब्राउझरमधील भाग आणि सर्व्हरवरील भाग असे दोन्ही लिहू शकणारी व्यक्ती. फ्रेमवर्कच्या संदर्भात मात्र डेटाबेसपासून पडद्यावरील पानापर्यंतच्या सर्व स्तरांची साधने एकाच संचात देणारे फ्रेमवर्क, असा तिचा अर्थ होतो. या लेखात ती दुसऱ्या अर्थाने वापरली आहे.

इतिहास

१९९३ मध्ये सीजीआय ही पद्धत रूढ होऊ लागल्यावर वेब सर्व्हरला बाहेरील प्रोग्राम चालवून पाने तयार करता येऊ लागली. प्रत्येक ॲप्लिकेशनमध्ये तेच ते कोड पुन्हा लिहावे लागत असल्याने सामाईक चौकटींची गरज निर्माण झाली.

रुबी ऑन रेल्स हे फ्रेमवर्क डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी बेसकॅम्प या सेवेच्या कोडमधून वेगळे काढून जुलै २००४ मध्ये प्रसिद्ध केले. ‘मांडणीपेक्षा संकेत श्रेष्ठ’ हे त्याचे सूत्र होते: फाइलींची व तक्त्यांची नावे ठरलेल्या संकेतानुसार दिली, तर फ्रेमवर्क त्यांचा परस्परसंबंध स्वतः ओळखते. जँगोचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या वेब विभागात २००३ मध्ये झाला. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी ते लिहिले आणि जुलै २००५ मध्ये ते मुक्त स्रोत म्हणून खुले झाले. वृत्तपत्रात बातमीच्या वेळेवर काम उरकावे लागे आणि मजकूर भरणारे पत्रकार प्रोग्रामर नव्हते. म्हणूनच तयार व्यवस्थापन-पटल हे जँगोचे सुरुवातीपासूनचे वैशिष्ट्य ठरले.

किमान गाभ्याची कल्पना ब्लेक मिझेरानी यांच्या सिनात्रा (२००७) या रुबी फ्रेमवर्कमुळे लोकप्रिय झाली. २०१० मध्ये तिच्यापासून प्रेरणा घेऊन नोड मंचासाठी एक्सप्रेस तयार झाले. त्याच वर्षी पायथन भाषेत फ्लास्क आले. त्याचा उगम गमतीशीर आहे. आर्मिन रोनाखर यांनी १ एप्रिल २०१० रोजी ‘एप्रिल फूल’ म्हणून एकाच फाइलीत सामावलेले एक फ्रेमवर्क जाहीर केले होते. त्याला मिळालेल्या प्रतिसादानंतर त्याच कल्पनेवर फ्लास्क गंभीरपणे उभे राहिले.

लाराव्हेल (२०११) या पीएचपी फ्रेमवर्कचा उगम नेमका उलट गरजेतून झाला. तेव्हा प्रचलित असलेल्या कोडइग्नायटर या सुटसुटीत फ्रेमवर्कमध्ये लॉग-इनची अंगभूत सोय नव्हती. ती आणि तत्सम उणिवा भरून काढण्यासाठी टेलर ऑटवेल यांनी ते लिहिले.

रचनेतील फरक

दोन्ही प्रकारांत पायाभूत भाग बहुधा सारखाच असतो. फ्लास्क हे वर्कझॉइग ही विनंती-प्रतिसाद हाताळणारी लायब्ररी आणि जिंजा ही साच्यांची लायब्ररी यांवर उभे आहे. फ्रॅपे हे फुल-स्टॅक फ्रेमवर्कही याच दोन लायब्रऱ्या वापरते. फरक पडतो तो त्या पायावर किती निर्णय आधीच घेऊन ठेवले आहेत यात. पायथनमधील जँगो आणि फ्लास्क यांची तुलना केल्यास तो स्पष्ट होतो.

डेटाबेस: जँगोमध्ये तक्त्यांचे वर्णन पायथनमध्ये करून एसक्यूएल न लिहिता माहिती वाचता-लिहिता येते. फ्लास्कमध्ये ही सोय नाही. सामान्यतः एसक्यूएलअल्केमी ही स्वतंत्र लायब्ररी जोडली जाते.

तक्त्यांतील बदल: चालू प्रणालीत नवा रकाना वाढवताना जुनी माहिती सुरक्षित ठेवून बदल करावा लागतो. या ‘मायग्रेशन’ची सोय जँगोच्या गाभ्यात २०१४ मधील १.७ या आवृत्तीपासून आहे. फ्लास्कसोबत त्यासाठी अलेम्बिक वापरतात.

लॉग-इन व अधिकार: जँगोमध्ये वापरकर्ते, गट व परवानग्या तयार असतात. फ्लास्कमध्ये त्यांसाठी फ्लास्क-लॉगिनसारखे विस्तार घ्यावे लागतात आणि परवानग्यांची रचना स्वतः करावी लागते.

व्यवस्थापन-पटल: जँगोमध्ये काही ओळींत नोंदी पाहण्याचे व दुरुस्त करण्याचे पटल मिळते. फ्लास्कमध्ये ते बांधावे किंवा जोडावे लागते.

बनावट विनंत्यांपासून संरक्षण: दुसऱ्या संकेतस्थळाने वापरकर्त्याच्या नकळत अर्ज पाठवू नये यासाठीची तपासणी जँगोच्या नव्या प्रकल्पात आपोआप चालू असते. फ्लास्कमध्ये ती फ्लास्क-डब्ल्यूटीएफ यासारख्या विस्ताराने चालू करावी लागते.

यावरून फ्लास्क अपुरे आहे असा निष्कर्ष निघत नाही. ज्या सेवेला लॉग-इन नाही, अर्ज नाहीत आणि डेटाबेसही नाही, तिला वरीलपैकी कशाचीही गरज नसते. अशा ठिकाणी फुल-स्टॅक फ्रेमवर्कचे न वापरलेले भागही समजून घ्यावे लागतात आणि अद्ययावत ठेवावे लागतात.

निवडीचे निकष

निवड करताना पुढील बाबी विचारात घेतल्या जातात.

कामाचे स्वरूप: वापरकर्ते, पावत्या, मंजुऱ्या व अहवाल असलेल्या प्रणालीला फुल-स्टॅक फ्रेमवर्क सोयीचे पडते. एखाद्या उपकरणाकडून येणाऱ्या नोंदी स्वीकारणे किंवा दुसऱ्या प्रणालीला माहिती पुरवणे अशा एकाच कामाच्या सेवेला मायक्रोफ्रेमवर्क पुरते.

मनुष्यबळ: फुल-स्टॅक फ्रेमवर्कमध्ये फाइलींची मांडणी ठरलेली असल्याने ते जाणणाऱ्या नव्या प्रोग्रामरला अनोळखी प्रकल्पातही वाट सापडते. मायक्रोफ्रेमवर्कवरील प्रत्येक प्रकल्पाची रचना त्याच्या कर्त्याने ठरवलेली असते. ती लिहून ठेवलेली नसेल, तर कर्त्यासोबत तिचे ज्ञानही जाते.

वेग: मायक्रोफ्रेमवर्क म्हणजे अधिक वेग, हा समज सरसकट खरा नाही. नोंदी ठेवणाऱ्या प्रणालींत बराचसा वेळ डेटाबेसमध्ये जातो. शंभर पावत्यांची यादी दाखवताना प्रत्येक पावतीच्या खातेदाराचे नाव स्वतंत्रपणे मागवले, तर एका मागणीऐवजी १०१ मागण्या होतात. हा दोष कोणत्याही फ्रेमवर्कमध्ये घडू शकतो आणि तो दूर केल्याने होणारा लाभ फ्रेमवर्क बदलण्याच्या लाभापेक्षा सहसा मोठा असतो.

सर्व्हर व खर्च: कमी दराच्या सामाईक होस्टिंगवर पीएचपी सहसा उपलब्ध असते, पायथन वा नोडवरील प्रणालींना बहुधा स्वतंत्र सर्व्हर घ्यावा लागतो. फ्रॅपेसाठी डेटाबेसशिवाय रेडिस, नोड आणि पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रक्रिया सांभाळाव्या लागतात.

आयुर्मान: जँगोच्या काही आवृत्त्यांना दीर्घकालीन आधार असतो, म्हणजे सुमारे तीन वर्षे त्यांना सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. मायक्रोफ्रेमवर्कच्या बाबतीत गाभा स्थिर असला, तरी त्याला जोडलेल्या प्रत्येक विस्ताराचे वेळापत्रक वेगळे असते. एक्सप्रेसची चौथी आवृत्ती २०१४ मध्ये आणि पाचवी २०२४ मध्ये आली. मधल्या दशकात त्यावरील प्रकल्पांची खरी देखभाल जोडलेल्या पॅकेजांचीच होती.

सुरक्षितता आणि अवलंबित्व

दोन्ही प्रकारांचे धोके वेगळे आहेत आणि प्रत्यक्ष घटनांत ते दिसून आले आहेत.

सुट्या पॅकेजांवर विसंबण्याचा धोका २२ मार्च २०१६ रोजी दिसला. ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या भांडारातून काढून घेतले. त्यावर अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी जगभर अडली आणि अखेर भांडाराला ते पॅकेज परत आणावे लागले.

फ्रेमवर्कने आधीच घेतलेले निर्णयही चुकीचे असू शकतात. अर्जातून आलेली सर्व मूल्ये एकदम नोंदीत भरण्याची सोय रेल्समध्ये होती. मार्च २०१२ मध्ये तिचा आधार घेऊन एका संशोधकाने गिटहब या संकेतस्थळावर आपल्याला नसलेला अधिकार मिळवून दाखवला. त्यानंतर रेल्सच्या चौथ्या आवृत्तीत (२०१३) कोणती मूल्ये स्वीकारायची हे स्पष्ट सांगणे आवश्यक करण्यात आले.

तिसरा धोका दुरुस्ती उपलब्ध असूनही ती न बसवण्याचा. ॲपाची स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कमधील एका गंभीर त्रुटीवरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. एक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीच्या एका प्रणालीत ती वेळेवर बसवली गेली नाही आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची वैयक्तिक माहिती उघड झाली. फ्रेमवर्क कोणतेही असो, अद्ययावत करण्याची जबाबदारी नेमून दिलेली नसेल तर त्यातील सुरक्षेच्या सोयी निरुपयोगी ठरतात.

भारतात या जबाबदारीला कायदेशीर बाजूही आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार विशिष्ट सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि प्रणालींच्या नोंदवह्या १८० दिवस जपून ठेवणे आवश्यक आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. सभासदांची नावे, पत्ते व खाती साठवणारी प्रणाली बांधताना ‘लॉग-इन नंतर जोडू’ ही भूमिका म्हणूनच धोक्याची मानली जाते.

महाराष्ट्रातील उदाहरणे

फ्रॅपे हे फुल-स्टॅक फ्रेमवर्क मुंबईस्थित फ्रॅपे टेक्नॉलॉजीज या कंपनीने विकसित केले आहे. रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी पूर्वी वेब नोट्स टेक्नॉलॉजीज या नावाने ओळखली जाई. ईआरपीनेक्स्ट ही हिशेब, साठा व खरेदी-विक्री सांभाळणारी मुक्त स्रोत प्रणाली याच फ्रेमवर्कवर चालते. फ्रॅपेमधील मध्यवर्ती कल्पना ‘डॉकटाइप’ ही आहे. पावती, ग्राहक किंवा माल यांसारख्या दस्तऐवजात कोणते रकाने असतील आणि तो कोणाला पाहता वा बदलता येईल, याचे वर्णन केले की डेटाबेसमधील तक्ता, भरावयाचा अर्ज, यादी आणि इतर प्रणालींना माहिती देणारा दुवा फ्रेमवर्क स्वतः तयार करते. त्यामुळे कार्यालयीन कामाच्या प्रणाली अल्प कोडमध्ये उभ्या राहतात. त्याची किंमत अशी की, ॲप्लिकेशनला फ्रॅपेच्या पद्धतीनेच वागावे लागते. दस्तऐवजाच्या साच्यात न बसणारे काम त्यात अवघड जाते.

आयआयटी मुंबई येथील फॉसी प्रकल्पाने तयार केलेली ‘यक्ष’ ही ऑनलाइन परीक्षा-प्रणाली जँगोवर आधारित आहे. विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रोग्राम स्वयंचलितपणे तपासणे हे तिचे वैशिष्ट्य. विद्यार्थी, शिक्षक, अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि गुण यांचे परस्परसंबंध व प्रत्येकाचे वेगळे अधिकार या प्रणालीत असल्याने फुल-स्टॅक फ्रेमवर्कच्या सोयी तिला थेट उपयोगी पडतात.

कोणतेही फ्रेमवर्क थेट न वापरणे हाही एक पर्याय आहे. सांगलीसह राज्यातील जिल्हा प्रशासनांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या ‘एसथ्रीवास’ या सामाईक सेवेवर आहेत. तेथे सुरक्षा, मांडणी व सुगम्यता केंद्रीय पातळीवर सांभाळली जाते आणि जिल्हा कार्यालय केवळ मजकूर भरते.

तालुका पातळीवरील निवड: कवठे महांकाळचे उदाहरण

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील कवठे महांकाळ हा पर्जन्यछायेतील तालुका असून म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी पोहोचलेल्या भागांत द्राक्ष व बेदाणा ही महत्त्वाची उत्पादने आहेत. अशा ठिकाणी संभवणाऱ्या तीन गरजा घेतल्यास निवडीचे निकष प्रत्यक्ष कसे लागू होतात हे समजते. ही उदाहरणे केवळ स्पष्टीकरणासाठी आहेत.

पहिली गरज दरपत्रकाची. तासगाव व सांगली येथील बेदाणा सौद्यांचे दर रोज एका पानावर दाखवायचे आहेत. पाहणाऱ्याला लॉग-इन नको, नोंदी थोड्या आणि बदल दिवसातून एकदा. येथे मायक्रोफ्रेमवर्क पुरेसे आहे. किंबहुना दर भरले की एकदाच तयार होणारे स्थिर पानही चालेल आणि त्याचा खर्च व धोका सर्वांत कमी असेल.

दुसरी गरज हवामान-नोंदींची. द्राक्षबागांत बसवलेली यंत्रे तापमान, आर्द्रता व पानांचा ओलावा दर काही मिनिटांनी पाठवतात आणि त्यावरून केवडा किंवा भुरी या रोगांच्या शक्यतेची सूचना द्यायची आहे. नोंद स्वीकारणे, तपासणे व साठवणे एवढे एकच काम असल्याने फ्लास्क किंवा फास्टएपीआय यांसारखे लहान फ्रेमवर्क योग्य ठरते. यंत्राची ओळख पटवण्याची सोय मात्र विसरता येत नाही. अन्यथा कोणीही खोट्या नोंदी पाठवू शकेल.

तिसरी गरज शीतगृहाची. शेतकऱ्याचा बेदाणा लॉटनिहाय ठेवून घेणे, पावती देणे, भाडे आकारणे, सौद्यानंतर हमाली, तोलाई व अडत यांचा हिशेब लावणे आणि ठेवलेल्या मालावर कर्ज असल्यास त्याची नोंद घेणे, ही सर्व कामे त्यात येतात. पावती लिहिणारा कारकून, व्यवस्थापक व लेखापरीक्षक यांचे अधिकार वेगळे असतात. झालेली नोंद कोणी व केव्हा बदलली हे कळावे लागते. येथे चूक झाली तर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मालाचा हिशेब चुकतो. अशा प्रणालीसाठी जँगो, लाराव्हेल किंवा फ्रॅपे यांपैकी जे सांभाळणारा माणूस जवळपास उपलब्ध आहे, ते निवडणे अधिक सुरक्षित. हीच प्रणाली मायक्रोफ्रेमवर्कवर उभारता येते. परंतु कालांतराने अधिकार, बदलांचा इतिहास आणि मायग्रेशन हे भाग त्यात एकेक करून जोडले जातात आणि शेवटी केवळ त्याच्या कर्त्याला ठाऊक असलेले, दस्तऐवज नसलेले एक खासगी फुल-स्टॅक फ्रेमवर्क तयार होते. तो प्रोग्रामर नोकरीसाठी पुण्याला गेला की संस्थेची अडचण सुरू होते.

मराठीतील वापर

देवनागरी मजकूर, भारतीय संख्यामांडणी व भाषांतर या बाबीही निवडीत मोजल्या जातात. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइट घेते आणि ‘क्षि’ हे एक अक्षर चार चिन्हांचे बनते. त्यामुळे रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत मराठी नावे अर्धवट कापली जाण्याचा धोका असतो. जँगोच्या भाषांतरित भाषांत मराठीचा समावेश आहे आणि १.११ या आवृत्तीपासून त्यात १,००,००० अशी भारतीय पद्धतीची स्वल्पविराम-मांडणी ठरवता येते. फ्रॅपेमध्ये ही मांडणी संख्येच्या तयार पर्यायांत मिळते. फ्लास्क वा एक्सप्रेसमध्ये यांसाठी स्वतंत्र लायब्ररी निवडावी लागते.

मधले मार्ग

दोन्ही प्रकारांतील सीमारेषा काळानुसार पुसट झाली आहे. एक्सप्रेसने २०१४ मध्ये गाभ्यातून वेगळे केलेले विनंतीचा मजकूर वाचण्याचे साधन २०१७ मध्ये पुन्हा गाभ्यातून उपलब्ध करून दिले. रेल्सच्या पाचव्या आवृत्तीत (२०१६) पानांशिवाय केवळ माहिती पुरवणाऱ्या सेवांसाठी हलका प्रकार आला. सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कवर आधारलेले सायलेक्स हे मायक्रोफ्रेमवर्क २०१८ मध्ये थांबवण्यात आले, कारण सिम्फनीच स्वतः लहान गाभ्यापासून वाढवता येऊ लागले होते. लाराव्हेलच्या कर्त्यांनीही ल्युमेन या आपल्या लहान फ्रेमवर्कवर नवे प्रकल्प सुरू करू नयेत, थेट लाराव्हेल घ्यावे, अशी शिफारस केली आहे.

एकाच संस्थेत दोन्ही प्रकार एकत्र नांदू शकतात. मुख्य नोंदी फुल-स्टॅक फ्रेमवर्कमध्ये आणि यंत्रांकडून येणाऱ्या नोंदींसाठी स्वतंत्र लहान सेवा, अशी विभागणी रूढ आहे. मात्र प्रत्येक वाढीव सेवेबरोबर अद्ययावत ठेवण्याची आणखी एक जागा वाढते.

शिक्षणातील स्थान

विद्यार्थ्यांसाठी दोन्ही प्रकारांचे मूल्य भिन्न आहे. मायक्रोफ्रेमवर्कमध्ये विनंती, प्रतिसाद, कुकी आणि मार्ग-निश्चिती या संकल्पना आडपडद्याविना दिसतात. फुल-स्टॅक फ्रेमवर्कमध्ये अनुभवी प्रोग्रामरांनी सामाईक प्रश्न कसे सोडवले याचा नमुना मिळतो. आधी मायक्रोफ्रेमवर्कमध्ये लॉग-इनसह एक छोटी प्रणाली स्वतः बांधून पाहणे आणि नंतर तीच प्रणाली फुल-स्टॅक फ्रेमवर्कमध्ये करणे, हा अभ्यासाचा उपयुक्त क्रम आहे. त्यातून फ्रेमवर्क कोणते काम आपल्या वतीने करत होते, याची जाणीव होते. आणि पुढे एखाद्या संस्थेसाठी निवड करताना कोणते काम आपल्या अंगावर येणार आहे, हे आधीच सांगता येते.

हेही पाहा

जँगो
फ्लास्क
रुबी ऑन रेल्स
ईआरपीनेक्स्ट
मुक्त स्रोत सॉफ्टवेअर
कवठे महांकाळ तालुका